सरकी आणि अर्धी गोधडी

नागपुरात पायी हिंडण्याजोगे दिवस मोजकेच. दिवाळी झाली की सुरू होतात आणि होळी पेटायच्या आत संपतात. बाकी वर्ष उन्हाचं, नाहीतर पावसाचं. पावसात काळी माती चपलेला अशी धरते की घरी येईपर्यंत माणूस दोन इंच उंच झालेला असतो. म्हणून वर्षभराचं चालणं मी हिवाळ्यातच उरकते. रोज फुटाळा तलावाचा एक फेरा, रविवारी काटोल रोडनं पार संत्र्याच्या बागांपर्यंत. दुपारी गच्चीवर ऊन खात गोधडी. यंदा नोव्हेंबरात या सगळ्यात सरकी आली.

सरकी म्हणजे गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू, सात आठवड्यांचं. पांढरं अंग, त्यावर कापसात सरकी दिसावी तसे काळे ठिपके. आणली मीच, त्यामुळे खापर फोडायला डोकं उरलं नाही. हे म्हणालेही होते, ‘पाहून घे बरं, मग म्हणशील.’ मी काही म्हटलेलं नाही. म्हणायला वेळच मिळत नाही.

पहिला दणका डॉक्टरांनी दिला. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडायचं नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची सुई. मी तिथंच बोटं मोजली. जानेवारी सरत होता. म्हणजे माझा हिवाळा गेला.

पण शिवणाऱ्या बाईला अडवणं सोपं नाही. दोन जुन्या चादरी आणि एका पँटच्या पट्ट्या जोडून मी गळ्यात अडकवायची झोळी शिवली. सरकीला आत टाकलं, वरून शाल घेतली आणि निघाले फुटाळ्याला. थंडी होती, ती आत गपगार झोपली. तिथल्या बाकावरच्या एका काकूंनी शालीतल्या गाठोड्याकडे माझ्यापेक्षा मायेनं पाहिलं.

‘किती दिवसाचं बाळ आहे?’

‘दोन महिन्याची आहे,’ मी म्हटलं. खोटं कुठं होतं?

‘एवढ्या थंडीत काऊन आणलं मग? टोपडं तरी घालाचं ना!’ म्हणत त्यांनी शालीचं टोक बाजूला केलं. आतून एक ओलं काळं नाक वर आलं आणि शिंकलं. काकू बाकाच्या दुसऱ्या टोकाला कधी गेल्या, मला दिसलंच नाही. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहूनही त्यांना शंका आली नव्हती, हे मात्र मी घरी येऊन यांना दोनदा सांगितलं.

आता गोधडी. ती भाचीच्या बाळासाठी. बाळ जानेवारीत यायचं होतं. वरचा पदर आईच्या लुगड्याचा, आत सासऱ्यांची धोतरं. सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी 1877 साली सुरू केलेली मिल, आता तिथं मॉल आहे. ‘मिलचं कापड फाटत नसते,’ हे सासरे शेवटपर्यंत सांगायचे. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात आणि ते सुईसारखे असतात, हा भाग त्यांच्या हिशेबात नव्हता.

गोधडी कडेनं शिवत शिवत मध्यावर आणायची असते. सरकीचा मुक्काम नेमका मध्यावर. मी एका कडेनं धावदोरा घालत यावं आणि तिनं दुसऱ्या कडेनं तो उसवत यावं. तिचा वेग जास्त. शिवाय मधेमधे अभिषेक, मग धुणं, वाळवणं. एक दिवस लोकरीचा गुंडाही सापडला तिला. दिवाणाच्या पायापासून कुलरच्या स्टँडला वळसा, तिथून तुळशीला प्रदक्षिणा, तिथून थेट फाटक. शेजारच्या वहिनी बाहेरून म्हणाल्या, ‘काय हो, मांजा सुतून राहिल्या का?’

हसू यायचं थांबलं ते रिळातला हातभर दोरा गायब झाला तेव्हा. सुई जागेवर होती, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, दोरा अडकला तर नाडी ओढल्यावर परकर गोळा होतो तसं आतडं चुण्या पडून गोळा होतं. उलट्या झाल्या, खाणं सोडलं तर लगेच या. मागून टोक दिसलं तरी ओढू नका. मग दोन दिवस मी काडी घेऊन तिच्या मागे मागे. एवढ्या निगुतीनं मी कधी कुठलं विणकाम तपासलं नाही. तिसऱ्या सकाळी दोरा आला. गुलाबी, अखंड. मी यांना झोपेतून उठवून दाखवायला नेलं. त्यांनी त्या दिवशी तर्री-पोहे खाल्ले नाहीत.

फेब्रुवारीत लसी पुऱ्या झाल्या. आता चालायचं! पण पिल्लाला वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, त्याहून जास्त चालवू नये म्हणतात. म्हणजे आमच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं. क्रोशाचा एक खांब घालायला मला दोन सेकंद पुरतात. सरकीला विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत न्यायला अकरा मिनिटं लागली. प्रत्येक गवताची काडी हुंगायची, प्रत्येक प्लास्टिकवर भुंकायचं, मग मांडी ठोकून बसायचं. संत्र्याच्या बागा राहिल्या, आम्ही अजून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचलेलो नाही. आणि झोळीत आता ती मावत नाही. तिचे पाय बाहेर, माझी पाठ आत.

भाचीचं बाळ दोन महिन्यांचं झालं. ताईचा फोन रोज. काल दुपारी सरकी झोपलेली पाहून मी घाईघाईनं मधल्या ओळी घ्यायला बसले. सुई कशाला तरी अडली. ढकलली तरी जाईना. चाचपून पाहिलं तर लुगडं आणि धोतराच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टणक. दुधाचा दात. उसवता उसवता तिथंच पडून आत गेला असणार.

काढायचा तर चार ओळी उसवाव्या लागल्या असत्या. मी दाताला वळसा घालून टाका घेतला आणि पुढं गेले. ताईला अजून सांगितलेलं नाही.