बोटानं फिल्टर फिरवायचा म्हणे!

कीबोर्डवरच्या टचपॅडची जाहिरात म्हणते, बोट सरकवा, आवाज वळवा! आडवं सरकवलं की फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, उघडणार; उभं सरकवलं की रेझोनन्स, म्हणजे फिल्टरच्या काठावरचा ठसठशीतपणा, चढणार. जाहिरातीत काय लोण्यासारखं चालतंय! त्यांना कोल्हापूरचा जुलै दाखवा की जरा. पॅड बोटाची विद्युतधारिता मोजणार आणि बोट कायम ओलं. ते अडकत अडकत सरकतं, आणि फिल्टर हळूहळू उघडायचं सोडून एकदम बोंबलतो. पुसा, परत तेच. त्यात हॉलच्या प्लगला अर्थिंग असेल तर शपथ! मग बोट नसतानाही पॅड आपलं आपण नाचतं. भुताला कीबोर्डवर बसवलंय का आम्ही?

बोट उचललं की आवाज टुणकन मूळ जागी. आवाज तिथंच धरून ठेवणारं होल्डचं बटण दाबायला तिसरा हात कुठनं आणू? साध्या नॉबला निदान खाच तरी असते, अंधारातही हाताला कळते. वर मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या भाषेच्या, नेहमीच्या कंट्रोल संदेशात ० ते १२७, एवढ्याच पायऱ्या. फिल्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, एकेक पायरी ऐकू येते. १९८३ पासून हेच चाललंय!

आणि तालमीला आलेला प्रत्येक जण तांबड्या रश्श्याचं बोट पुढं करून, "टच हाय व्हय भावा? बघू की!"

बघ. बघ बाबा, तू पण बघ.