‘पृथ्वीच्या पोटातलं कोणी पाहिलंय?’ या दाव्याचा प्रतिवाद

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस जेमतेम 12 किलोमीटर खोल खणू शकला, त्यामुळे बुडणारे भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे), वाहणारं प्रावरण (कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा जाड थर) हे सगळं अंदाजपंचे, खाली नुसता लाव्हा आहे, आणि शास्त्रज्ञांची पृथ्वीच्या पोटाची लाल-निळी चित्रं ही संगणकाची करामत.

खोलीचा आकडा बरोबर आहे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं विंधनविवर 1989 मध्ये 12,262 मीटरवर पोचलं. पण जिथे छिद्र पाडता येत नाही तिथलं काही कळतच नाही, हे कुठून आलं? 24 मे 2013 रोजी ओखोत्स्क समुद्राखाली 8.3 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याची नाभी, म्हणजे तो सुरू झाला ती जागा, सुमारे 600 किलोमीटर खोल होती. एवढ्या खोलीवरचा तापलेला खडक एरवी तुटत नाही. असे धक्के बसतात ते वरून आत घुसलेल्या, त्यामानाने थंड भूपट्टात. जपानखाली इतके खोल भूकंप होतात हे जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी 1928 मध्येच दाखवलं होतं. त्यांच्या नाभी नकाशावर मांडा, समुद्राकडून जमिनीखाली तिरका उतरत गेलेला पट्टा दिसतो.

लाव्हाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. भूकंपाच्या एस लहरी (खडकाला आडवं हलवत जाणाऱ्या) द्रवातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून त्या सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत जातात आणि द्रव बाह्य गाभ्याशी अडतात. म्हणजे प्रावरण घन आहे, वितळलेला भाग अगदी थोडा. तरीही लाखो वर्षांच्या हिशेबात हाच घन खडक वाहतो, वर्षाला काही सेंटीमीटर.

चित्रांतले रंग शास्त्रज्ञ निवडतात, हे खरं. लहर केव्हा पोचावी हे मात्र कोणी निवडत नाही. थंड भूपट्टातून आलेली लहर अपेक्षेपेक्षा थोडी लवकर पोचते. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या हजारो लहरींचे असे फरक जुळवले, तेव्हा उत्तर अमेरिकेखाली बुडालेला फॅरलॉन भूपट्ट दिसला. जिथे भूकंपमापक विरळ, तिथे चित्र धूसर असतं, आणि ते मान्य करायलाच हवं.

राहिला प्रवाह. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. प्रावरण वाहताना त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक एका दिशेला लागतात. त्यांतून जाताना एस लहर दुभंगते: एक भाग आधी पोचतो, दुसरा साधारण सेकंदभर मागून. जलद भागाच्या कंपनाची दिशा बहुतेक वेळा प्रवाहाची दिशा सांगते. गंमत अशी, की अनेक सागरी गर्तांपाशी (भूपट्ट जिथे खाली बुडतो तिथल्या समुद्रतळावरच्या खोल चरांपाशी) ती बुडणाऱ्या भूपट्टाच्या दिशेने नसून गर्तेला समांतर मिळाली. प्रावरण तिथे बाजूने वाहतं, की पाण्यामुळे ऑलिव्हिनचे स्फटिकच वेगळे वळतात? यावर तज्ज्ञांत खरा मतभेद आहे. समुद्रतळावर ठेवलेले भूकंपमापक आणि ऑलिव्हिनवर प्रचंड दाब-तापमान देऊन केलेले प्रयोग, यांच्या आधारावर तो लढवला जातो आहे.