‘स्कूल डेज’च्या डिस्कवर डब का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘स्कूल डेज’ या जपानी अॅनिमेशन मालिकेच्या अमेरिकी डीव्हीडीचं मी कौतुक केलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं: इंग्रजी डब न करता नुसत्या सबटायटल्सवर संच विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात अर्धवट माल देणं. शिवाय ज्या मालिकेचा शेवट जपानमध्येच टीव्हीवर अडवला गेला, ती घरोघरी पोचवायचीच कशाला?

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यात एक गैरसमज आहे. १८ सप्टेंबर २००७ रोजी क्योतो भागात १६ वर्षांच्या मुलीने कुऱ्हाडीने वडिलांचा खून केला. त्याच रात्री टीव्ही कानागावावर मालिकेचा शेवटचा, बारावा भाग लागायचा होता आणि त्यातही रक्तपात आहे. वाहिनीने तो भाग मागे घेतला आणि निसर्गदृश्यं दाखवली. त्यात एक नॉर्वेतली बोट होती. तिच्या चित्रावर कुणीतरी ‘नाइस बोट’ असं लिहिलं आणि ते दोन शब्द जगभर फिरले. त्या रात्री वाहिनीने केलं ते योग्यच होतं, असं मी आजही म्हणेन. पण २७ सप्टेंबरला तोच भाग एटी-एक्स या वाहिनीवर लागला. याला बंदी म्हणता येत नाही. गावात कुणी गेलं की वाजंत्री थांबवतात, तसं ते होतं. डिस्क घेणारा माणूस तर वेष्टन वाचून, ठरवून घेतो. टीव्ही लावला आणि अचानक समोर आलं, असं तिथे होत नाही.

आता डब. डबिंगला ओठांच्या हालचालीत बसतील असे संवाद पुन्हा लिहावे लागतात, दिग्दर्शक लागतो, कलाकार लागतात, बारा भागांसाठी स्टुडिओ लागतो. सबटायटल्सचं काम दोन-चार जाणती माणसं करू शकतात. अमेरिकेत अशा जपानी मालिका काढणाऱ्या कंपन्यांपैकी जिनिऑनने २००७ सालीच तिथला व्यवसाय आवरायला घेतला, २००९ मध्ये एडीव्ही बंद पडली. त्या पडझडीनंतर, २०१३ मध्ये, डिस्कोटेकसारख्या छोट्या प्रकाशकाने ही मालिका काढली. डबचा आग्रह धरला असता तर ती निघालीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

आणि या मालिकेत मूळ आवाज ऐकायलाच हवेत. सुरुवात किती साधी आहे आठवा. शाळकरी नायक माकोतो रोज ट्रेनमध्ये दिसणाऱ्या कोतोनोहाचा फोटो काढून मोबाइलच्या स्क्रीनवर लावतो, कारण तीन आठवडे कुणाला कळलं नाही तर प्रेम जमतं अशी मुलांमध्ये समजूत असते. वर्गात शेजारच्या बाकावरची सेकाई तो फोटो लगेच बघते. इथवर सगळी रोमँटिक कॉमेडी. माकोतो तेव्हा कोतोनोहाला ‘कात्सुरा-सान’ म्हणतो, म्हणजे आडनाव आणि वर मान. पुढे तो नुसतं ‘कोतोनोहा’ म्हणू लागतो. आपल्याकडे दोघं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात तेव्हा जे होतं, ते सगळं त्या एका हाकेत आहे. ओळ वाचताना ते निसटेल, कानातून निसटत नाही. नंतर तो तिचे फोन ब्लॉक करतो, तरी ती त्याच्याशी बोलल्यासारखं बोलत राहते. कोतोनोहाला आवाज देणाऱ्या ताए ओकाजिमा यांनी तिथे आवाज चढवलेला नाही. पहिल्या भागातली तीच मऊ, अदबशीर बोलण्याची लकब, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दुसऱ्या भाषेत हे जमवणारी अभिनेत्री मिळेलही, पण मला हीच ऐकायची आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र दिवसभर डोक्यात राहिलं. तुमच्या कॉलेजातल्या भावाला डोळ्यांच्या त्रासामुळे पळत्या ओळी वाचवत नाहीत आणि डब नसला की त्याच्यासाठी मालिका संपली. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. ‘डब मागणाऱ्यांना वाचायचा कंटाळा असतो’ असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं आणि लागण्यासारखं होतं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. मनापासून माफ करा. दूरदर्शनवरचा जपानी मोगली आपण हिंदीतच पाहिला, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि तो आवाज अजून कानात आहे. डबने काय मिळतं हे मला ठाऊक असायला हवं होतं.

डीव्हीडी मागवणार असाल तर एवढं बघा: डीव्हीडी आणि प्लेअर जगाच्या ठरावीक भागांसाठी, म्हणजे रीजनसाठी, बनवलेले असतात; ती रीजन १ची आहे आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे असतात, त्यामुळे सगळे रीजन चालवणारा प्लेअर लागेल. भावाबरोबर बघताना ओळी तुम्ही वाचून दाखवा. फक्त कुणी कुणाला हाक मारत असेल तेव्हा थांबा, ती त्याला जपानीतच ऐकू द्या.