मद्रासवर गोळे पडले, पण चेंपकरामन पिळ्ळै त्या जहाजावर नव्हते

दर सप्टेंबरमध्ये एक मजकूर ग्रुपांवर फिरतो. सारांश असा: १९१४ साली जर्मन युद्धनौका ‘एमडेन’ने मद्रासवर हल्ला केला तो भारताच्या स्वातंत्र्यासाठी. जहाजावर दुय्यम कप्तान होते क्रांतिकारक चेंपकरामन पिळ्ळै. त्यांच्या सांगण्यावरून फक्त इंग्रजांच्या मालमत्तेवर मारा झाला, एकाही भारतीयाला ओरखडा आला नाही. अख्खं बंदर भस्मसात झालं आणि इंग्रजांना ‘एमडेन’ शेवटपर्यंत सापडली नाही. शेवटी ‘आपल्या पाठ्यपुस्तकांनी हे लपवलं’ हे ठरलेलं वाक्य.

आधी पिळ्ळैंचं पाहू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. ‘एमडेन’ चीनच्या किनाऱ्यावरच्या त्सिंगताव या जर्मन तळावरून ३१ जुलै १९१४ ला बाहेर पडली, ऑगस्टच्या सुरुवातीला धरलेलं एक रशियन जहाज घेऊन थोडा वेळ परतली, आणि मग पुन्हा तिथे आलीच नाही. त्या उन्हाळ्यात पिळ्ळै युरोपात होते. झुरिकमध्ये ‘प्रो-इंडिया’ समिती चालवत होते आणि त्याच वर्षी तिथून बर्लिनला गेले. हिंदी महासागरात फिरणाऱ्या जहाजावर ते चढले कधी आणि कुठून, याचं उत्तर त्या मजकुरात कधीच नसतं. शिवाय दुय्यम अधिकाऱ्याची जागा रिकामी नव्हती. कप्तान कार्ल फॉन म्युलर, आणि त्याच्या हाताखाली हेल्मुट फॉन म्युके. या म्युकेने पुढे सगळ्या मोहिमेवर पुस्तकंही लिहिली. पिळ्ळै १९१५ मध्ये काबूलला स्थापन झालेल्या भारताच्या हंगामी सरकारचे परराष्ट्रमंत्री होते. एवढं खरं काम नावावर असलेल्या माणसाला खोट्या गणवेशाची गरज काय?

आता हेतू. यात मात्र अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. म्युलरने स्वतःच नोंदवलं आहे की हा मारा म्हणजे प्रदर्शन होतं: हिंदी लोकांचं लक्ष वेधावं, इंग्रजांचा व्यापार विस्कटावा, त्यांची पत घसरावी. पत घालवणं आणि देश स्वतंत्र करणं यांत फार अंतर आहे. ‘एमडेन’ व्यापारी जहाजं टिपायला आली होती. बंगालच्या उपसागरात तिने पहिल्यांदा धरलेल्या जहाजांत ‘इंडस’ आणि ‘लोव्हाट’ होती. दोन्ही हिंदी सैन्य युद्धावर न्यायला मुंबईकडे निघालेली. ‘इंडस’वर साबणाचा इतका साठा मिळाला की जर्मन खलाशी खूश झाले, कारण त्यांच्याकडचा संपत आला होता. स्वातंत्र्याच्या मोहिमेत सहसा असले तपशील सापडत नाहीत.

‘एकाही भारतीयाला ओरखडा नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. २२ सप्टेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एमडेन’ मद्रासच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन हजार यार्डांवर आली, सर्चलाइट टाकले आणि सव्वाशेच्या आसपास गोळे सोडले. रात्रीच्या अंधारात एवढ्या लांबून तोफ माणसाची जात-पात-देश विचारत नाही. निदान पाच माणसं मेली. बंदरातल्या ‘चुप्रा’ जहाजावरही गोळे पडले. धरलेल्या व्यापारी जहाजांवरच्या माणसांशी म्युलर सभ्यपणे वागला, त्यांना ‘काबिंगा’सारख्या जहाजावर चढवून सोडून दिलं, हे खरं. पण ती कीर्ती समुद्रावरची, मद्रासची नव्हे.

बंदर भस्मसात? बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, साडेतीन लाख गॅलनच्या आसपास तेल जळालं. हायकोर्टाच्या आवाराच्या भिंतीलाही गोळा लागला, तिथे फलक आहे. मारा अर्ध्या तासाच्या आत आटोपला. किनाऱ्यावरच्या तोफांनी उत्तर दिलं, पण ‘एमडेन’ने दिवे मालवून पळ काढला होता. खरं नुकसान दुसऱ्या दिवसापासून झालं: लोक शहर सोडू लागले, जहाजं बंदरातून हलेनात.

राहिला शेवट. चौथं खोटं धुराडं उभारून इंग्रजी क्रूझरचा वेष घेणं, २८ ऑक्टोबरला पेनांगच्या बंदरात शिरून रशियन क्रूझर ‘झेमचुग’ बुडवणं, हे सगळं घडलं. पण ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवरचं बिनतारी केंद्र फोडायला म्युके पन्नासेक माणसं घेऊन उतरला, आणि केंद्रातल्या माणसांनी त्याआधीच संदेश पाठवला होता. जवळून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याचा ताफा चालला होता. त्यातून ऑस्ट्रेलियाची क्रूझर ‘सिडनी’ निघाली. ‘एमडेन’च्या तोफा साडेदहा सेंटिमीटरच्या, ‘सिडनी’च्या सहा इंची, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटरच्या. सुरुवातीचे गोळे ‘एमडेन’चेच अचूक लागले, पण वजन आणि पल्ला जिंकला. म्युलरने जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळखडकावर चढवलं. झेंडा उतरवला नव्हता म्हणून ‘सिडनी’ने दुपारी पुन्हा गोळे टाकले. ‘एमडेन’चे सव्वाशेहून अधिक मेले, ‘सिडनी’चे चार. म्हणजे सापडली, आणि चांगलीच सापडली.

हिंदी बंडाशी ‘एमडेन’चं नातं शोधायचंच असेल तर मद्रासला नव्हे, सिंगापूरला जावं. तिचा एक अधिकारी युलिउस लाउटरबाख पकडला जाऊन तिथल्या छावणीत होता, आणि पहाऱ्यावर पाचव्या लाइट इन्फंट्रीचे हिंदी शिपाई होते. त्याने त्यांच्याशी मैत्री वाढवली. १५ फेब्रुवारी १९१५ ला त्या पलटणीने बंड केलं आणि छावणीचे दरवाजे उघडले. बहुतेक जर्मन कैदी बंडात सामील झाले नाहीत. लाउटरबाख संधी साधून डच बेटांकडे निसटला. शिपायांपैकी चाळीसहून अधिक जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या.