नाक खुपसल्याची शिक्षा

आमचा एक मित्र हल्ली बिअर पीत नाही, चाखतो. पीत होता ते बरं होतं. चाखायला त्याला साक्षीदार लागतो.

परवा त्याने एका पोटफुग्या ग्लासात काहीतरी नारिंगी, गढूळ ओतलं. मी सवयीने उचलून तोंडाला लावणार, तोच त्याने माझं मनगट धरलं.

"आधी नाक."

"नाक काय?"

"नाक घाल आत. आणि काय जाणवतंय ते सांग."

एरवी नाक खुपसण्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत. इथे तीच पात्रता ठरत होती. घातलं. शेंड्याला फेस लागला. "बिअरचा वास येतोय," मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचा चेहरा असा पडला, की गवयाने यमन आळवावा आणि श्रोत्याने "पेटी छान आहे हो" म्हणावं.

"बरं, घोट घे."

पहिला अर्धा सेकंद फार सुखात गेला. फळासारखं, गोडसर काहीतरी जिभेवर आलं आणि मी "वा" म्हणायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. जिभेच्या मुळाशी कडूपणा उगवला, टाळूला चिकटला आणि कानशिलापर्यंत चढून तिथेच बसला. घोट गिळून झाला, चव काही गिळली जाईना. निघतो निघतो म्हणत पाहुणा दारात उभा राहून नव्याने गप्पा सुरू करतो ना, तशी. माझा एक डोळा आपोआप मिटला. मित्राने त्याचा भलताच अर्थ काढला.

"आहे की नाही!" तो म्हणाला.

आहे, यात वादच नव्हता.

हिचं नाव इंडिया पेल एल. नावावरून आपल्याच घरातली वाटते, पण जन्म इंग्लंडातला. इंडिया हे तिचं माहेर नव्हे, सासर. मित्राकडे तिची कथाही तयार होती. जहाजाच्या चार-सहा महिन्यांच्या प्रवासात बिअर नासायची, म्हणून लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, हॉप्स नावाची कडू फुलं ठासून ही नवी बिअर शोधून काढली. कथा झकास आहे, फक्त खरी नाही. गरम मुलखात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घाला, हा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता, आणि पोर्टर नावाची काळी बिअरसुद्धा त्याच वाटेने हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. हॉजसनची खरी हुशारी वेगळीच. त्याची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना १८ महिन्यांपर्यंत उधारी द्यायचा. दीड वर्षाच्या उधारीवर मिळालं तर मीही काहीही गोड मानून घेईन. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावचे ब्रूअर या धंद्यात उतरले. तिथल्या पाण्यात जिप्सम नावाचं खनिज भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा आणखी ठसठशीत होतो. म्हणजे सुरी होतीच, धार लावायचा दगडही मिळाला.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं, आणि कूळ भांगेचं. भांग डोक्यात जाते, ही चुलत बहीण जिभेवर सूड उगवते. फुलं बराच वेळ उकळली की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडू होतात. उकळी संपताना किंवा गार झाल्यावर घातली तर मुख्यतः सुगंध उतरतो. मित्राच्या मते खरा ब्रूअर दोन्ही वेळा घालतो. "आणि मधेही," तो भक्तिभावाने म्हणाला. कडूपणा मोजायला आयबीयू नावाचं मापही आहे. या बाटलीवर ७० लिहिलं होतं. गणितात मला एवढे कधी पडले नाहीत.

"बोल ना, काय काय येतंय?" त्याने पुन्हा धरलं. कडू आपण सोसू, हो. पण सोसता सोसता त्याचं रसग्रहणही करायचं? मग त्यानेच यादी सांगितली: ग्रेपफ्रूट, पाइनची राळ, पॅशनफ्रूट, नुकतंच कापलेलं गवत. कापलेलं गवत माणसाने का प्यावं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी परत नाक घातलं. हुंगलं. आणि खरंच काहीतरी आलं. ओळखीचं. जिन्याखालचं.

"मांजर," मी म्हणालो.

"काय?"

"म्हणजे मांजर नव्हे. मांजर येऊन गेल्यावर मागे राहतं ते."

आता हाकलतोय असं वाटलं, तर हा ताडकन उठला आणि माझा हात हातात घेऊन हलवायला लागला. "थायॉल! अरे, थायॉल ओळखलंस तू!" सिट्रा, सिमको अशा हॉप्समध्ये म्हणे गंधकाची संयुगं असतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. जेमतेम असली तर फळांचा वास, जरा जास्त झाली की मांजर. जाणकार लोक हा शब्द अधिकृतपणे वापरतात. मी जन्मात पहिल्यांदा जाणकार झालो होतो, आणि तेही मांजराच्या कृपेने.

मग त्याचा आवाज उतरला. "मला कधी आला नाही रे तो वास. इतकी वर्षं शोधतोय."

त्याने घाईने ग्लास ओढला आणि तोंडाला लावणार, तोच मी मनगट धरलं.

"आधी नाक."

त्याने नाक घातलं. "जिना आठव," मी सांगितलं. "पावसाळ्यातला. बंद." त्याने डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला.

"आला," तो पुटपुटला.

बराच वेळ तो काही बोलला नाही. ग्लास आमच्या दोघांच्या मधे तसाच होता.

"आणि ग्रेपफ्रूट?" मी विचारलं.

त्याने पुन्हा हुंगलं आणि ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला.