पेपरलेस व्हा, तीन संच आणा

कचेरी पेपरलेस करायची ठरली ना? मग आधी तसा फलक लावा. फ्लेक्सचाच लावा, पीव्हीसी कुजत नाही, घोषणा टिकते.

अर्ज ऑनलाइनच घ्या. फाइलला मर्यादा 200 केबीची. सगळे अपलोड झाले की शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहा: 'प्रिंट व स्वसाक्षांकित प्रती तीन संचांत समक्ष सादर कराव्यात.' 80 जीएसएमचे ए-फोर पान 5 ग्रॅमचे. 40 पानांचे तीन संच झाले 600 ग्रॅम. कासारवडवलीहून घोडबंदरचा ट्रॅफिक आणि ट्रान्स-हार्बरची लोकल पार करून ते बेलापूरला पोचले, की झाली कार्बनबचत.

सर्व्हर रूमचा एसी 16 वरच असू द्या. आत जाणारी हवा 27 अंशांपर्यंत चालते, हे कुणाला सांगू नका.

डिजिटल सहीच्या दाखल्याची प्रिंट मात्र हवीच हवी. ती सही फाइलच्या मजकुराला बांधलेली असते: मजकुराचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढून तो खासगी कीने, म्हणजे सही करणाऱ्याकडच्याच गुप्त किल्लीने, सही केलेला, एक अक्षर हलले तरी पडताळणी फसते. प्रिंट काढली की त्यातले काही उरत नाही. उरते हिरव्या टिकचे चित्र, जे कुठलाही झेरॉक्सवाला कॉम्प्युटरवर चिकटवून देईल. तर खोटेपणा पकडणारी फाइल बाजूला सारा, चित्र घ्या, त्याच्यावर 'सत्यप्रत' लिहून अर्जदाराची सही घ्या आणि तोच कागद 300 डीपीआयला रंगीत स्कॅन करून ई-ऑफिसला जोडा. केबीतली फाइल एमबीत जाते, शोधायला गेले तर एक शब्द सापडत नाही, आणि वर त्याचे बॅकअप सांभाळायला ऐरोलीच्या डेटा सेंटरात कुणीतरी वीज जाळतो! अर्जदाराने तोच स्कॅन 200 केबीत कोंबला की 'दस्त अस्पष्ट' म्हणून परत पाठवायला आपण मोकळे.

तुर्भ्याच्या कारखानदारांनीही मागे राहू नये. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा फोनवरचा क्रमांक नियमाला पुरतो, तुमच्या गेटला पुरता कामा नये. शाश्वतता अहवाल अर्थातच जाड आर्ट पेपरवर.

डिजिलॉकरमधला दाखला मूळ प्रतीच्या तोडीचा, हे 2017 पासून नियमात आहे. तरी विचारा: 'ओरिजिनल आणलंय का?'

पुरे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. कलम 4 आणि 5 ने इलेक्ट्रॉनिक दस्त आणि सही दोन्ही मान्य केले. कलम 9 म्हणते, सरकारी कार्यालयाने ते स्वीकारावेत असा हट्ट नागरिकाला धरता येत नाही. याच फटीत बसला आहात तुम्ही. पण पोर्टल तर तुम्हीच उघडलेत ना? मग तीन संच कशाला? शंका असेल तर मूळ पीडीएफ रीडरमध्ये उघडा, सहीवर क्लिक करा. पिवळे प्रश्नचिन्ह आले तर प्रमाणपत्राच्या साखळीतले सीसीए इंडियाचे (डिजिटल सहीची प्रमाणपत्रे देणाऱ्यांवरच्या सरकारी नियंत्रकाचे) मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत टाका. त्या कॉम्प्युटरवर हे एकदाच करावे लागते. एवढे शिकायचा कंटाळा तुमचा, आणि त्यापायी रोजंदारीवरच्या माणसाने खाडा करायचा? लाज वाटू द्या. फॉर्मवरची ती ओळ आजच काढा.