अपडेट काढून टाकलंत, पण रीस्टार्टचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: सिस्टीम अपडेटनंतर ईमेलमधली अटॅचमेंट सेव्ह करायला मिनिटभर लागतंय म्हणून मी माझ्या लेखात सुचवलेलं सगळं तुम्ही केलंत. टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर साफ केला, आउटलुक या मेल प्रोग्रॅमची डेटा फाइल (जिच्यात मेल साठतात) रिपेअर केली, अँटीव्हायरस बंद करून पाहिला. त्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि फरक शून्य. शेवटी अपडेटच काढलंत. 'रोग कळायच्या आधीच औषधांची चिठ्ठी हातात देता' हे तुमचं वाक्य झोंबलं, कारण ते खरं आहे.

डेटा फाइल रिपेअर करायला मी पहिल्या फटक्यात सांगायलाच नको होतं. फाइल मोठी असेल तर त्यात तास-तास जातात, आणि बाकी मेल झटपट उघडत असतील, सर्च नीट चालत असेल, तर फाइल बिघडल्याचा संशय घ्यायला फारशी जागा नसते. अँटीव्हायरसबद्दल तर त्याहून बेजबाबदार लिहिलं. 'बंद करा' लिहिलं, 'लगेच परत चालू करा' राहूनच गेलं. लेखात दोन्ही दुरुस्त केलंय.

पण 'अपडेट काढा, विषय संपला' हे मला मान्य नाही. अपडेटबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात हे एक. दुसरं म्हणजे तुम्हीच शेवटी लिहिलंय, की दोन-तीन दिवस ठीक चाललं आणि मग परत तसंच झालं. माझ्या मते सगळी गोम त्या ओळीत आहे.

मी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: गाडी अडते कुठे? 'सेव्ह अ‍ॅज' म्हटल्यावर फोल्डर निवडायची विंडो उघडायला वेळ लागतो, की विंडो लगेच येते आणि 'सेव्ह' दाबल्यावर सगळं थिजतं? दुसरं असेल तर अँटीव्हायरस, क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर, नाहीतर सर्व्हरवरून अजून न उतरलेली अटॅचमेंट, यांच्याकडे बघायचं. तिथे फाइल जितकी मोठी, तितका वेळ जास्त. पहिलं असेल तर फाइलचा काही संबंधच नाही.

माझ्याच मशीनवर हे झालं होतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. 200 केबीची पीडीएफ: विंडो उघडायला 40 सेकंद, वर टायटलमध्ये 'नॉट रिस्पाँडिंग'. 18 एमबीची झिप: तेवढेच 40 सेकंद. तिथेच ट्यूब पेटली. प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलकडे जातोय ते दाखवणारं टूल) लावून आउटलुकच्या नोंदी गाळल्या, तर 'बॅड नेटवर्क पाथ' अशा ओळी, आणि प्रत्येकीत झेड ड्राइव्ह. हा झेड म्हणजे मी कधीकाळी जोडलेली नेटवर्कवरची डिस्क, जी मीच कपाटात टाकून दिली होती. विंडो उघडताना शेवटचं वापरलेलं फोल्डर आणि क्विक अ‍ॅक्सेसमधली (विंडोच्या डाव्या बाजूच्या नेहमीच्या यादीतली) फोल्डरं तपासली जातात, आणि त्यातली काही झेडवर होती. उत्तर न देणाऱ्या डिस्कची वाट बघण्यात ते 40 सेकंद जात होते. ड्राइव्ह डिस्कनेक्ट केला, क्विक अ‍ॅक्सेसमधून ती फोल्डरं काढली, विंडो चटकन उघडायला लागली.

आता अपडेटचा संबंध. आपण लॅपटॉप आठवडेच्या आठवडे नुसता मिटून ठेवतो. खरा रीस्टार्ट होतो तो अपडेटच्या वेळी. रीस्टार्टनंतर मॅप केलेले, म्हणजे माझ्या झेडसारखे नेटवर्कवरून जोडलेले ड्राइव्ह नव्याने जोडावे लागतात, आणि लॉगिनच्या क्षणी वायफाय लागलेलं नसेल तर ते तुटकेच राहतात. म्हणून कधी ठीक, कधी नाही. अपडेट काढतानाही तुम्ही रीस्टार्ट केलाच असणार, त्या वेळी ड्राइव्ह नीट जोडला गेला असेल. अंदाज आहे, पण तुमच्या वर्णनाला बसतो. अपडेटनंतर पहिल्या दिवशी इंडेक्सिंग (सर्चसाठी फाइलींची सूची बनवणं) वगैरे चालू असल्याने मशीन जड वाटू शकतं, ते वेगळं.

तपासायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' (net use) टाइप करा. यादीत ज्याच्यापुढे 'अनअव्हेलेबल' किंवा 'डिस्कनेक्टेड' दिसेल, तो आधी काढा. यादी रिकामीच असेल तर कंट्रोल दाबून धरून आउटलुक सेफ मोडमध्ये (जोडलेल्या जादा प्रोग्रॅमशिवाय) उघडा. तिथे वेग आला तर दोष त्यातल्या एखाद्या प्रोग्रॅमचा, म्हणजे अ‍ॅड-इनचा.

हे करायच्या आधी मात्र स्टॉपवॉच लावा: विंडो उघडायला किती सेकंद, 'सेव्ह' दाबल्यावर किती. एक छोटी फाइल, एक मोठी. चार आकडे इथे लिहा, त्याआधी मी आणखी एकही उपाय सुचवणार नाही.